मार्थाबाई, कौसाबाई आणि भिगवणची गाडी

हा प्रवास मी गेली कित्येक वर्षं नीट सांगायचं टाळत आलो आहे. तसा सांगितला खूपदा. लग्नात, बारशात, पेन्शनरांच्या सहलीत. ट्रॅक्टरवर बसलेले साहेब, ओढ्यात वाहून गेलेली छत्री, असं सगळं रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. पण भिगवणचं स्टेशन आलं की मी गोष्ट आटोपती घ्यायचो. "मग गाडी आली आणि ते गेले," एवढं म्हणून विषय बदलायचो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. या वेळी शेवटापर्यंत सांगणार आहे.

प्रवासवर्णन लिहायला लोक काश्मीरला जातात. माझा प्रवास बारामती ते भिगवण, इंदापूरवरून. एरवी अडीच-तीन तासांचा रस्ता. आम्हाला तीन दिवस लागले.

बारामती

एडविन साहेब आणि मार्थाबाई हे कॅनडातलं मिशनरी जोडपं. तरुणपणी इंदापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात त्यांनी सहा वर्षं काम केलं होतं. साहेब औषधं द्यायचे, बाई बाळंतपणं करायच्या. नंतर ते मायदेशी परतले, संसार झाला, मुलं मार्गाला लागली, आणि सत्तरी ओलांडल्यावर दोघांनी पुन्हा मिशनच्या कामाला नाव दिलं. त्या वर्षी ते दक्षिणेत नर्सिंगच्या एका शाळेत शिकवत होते. घरी परतताना वाट वाकडी करून आमच्याकडे आले, ते एकाच बाईला भेटायला.

ती कौसाबाई. पळसदेवची. दवाखान्यात आया होती. मार्थाबाईंना मराठी बोलायला तिनंच शिकवलं. चाळीस वर्षांपूर्वी वडील आजारी असल्याची तार आली तेव्हा कौसाबाई नेमकी रजेवर होती आणि मार्थाबाईंना तिचा निरोप न घेताच निघावं लागलं. ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

"मला तिच्याजवळ दोन तास बसायचं आहे," पहिल्याच भेटीत त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "बाकी काही दाखवू नका. किल्ला नको, साखर कारखाना नको."

ओळखीच्या एका पाळकांनी मला दुभाष्या म्हणून सोबत दिलं होतं. मी बारामतीत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शुद्धलेखनाची एक चूक सोडली नाही. त्यामुळे हे काम आपल्याशिवाय कोण करणार, असं मला वाटत होतं.

खरं तर दोघांनाही मराठी येत होतं. पण ती दोन निरनिराळी मराठी होती. साहेब पुस्तकातून शिकलेले. हॉटेलात बसल्या बसल्या ते वेटरला म्हणाले, "बंधो, मजकरिता थोडे उदक आण." वेटर माझ्याकडे बघू लागला.

"पाणी मागतायत," मी म्हणालो.

मार्थाबाई कौसाबाईच्या हाताखाली तयार झालेल्या. त्या म्हणाल्या, "लई भूक लागलीया वो. गरम काय हाय?" वेटर असा खूश झाला की न मागता खरडा घेऊन आला.

पण हे मराठी गंजलेलं होतं. ठरलेली शंभर-दीडशे वाक्यं झकास यायची. समोरचा भरभर बोलू लागला की दोघं माझ्याकडे बघायची. मार्थाबाईंचं एक वाक्य मात्र कधी चुकत नसे. कुठूनही उठताना त्या हात जोडून म्हणायच्या, "येते मी." पेट्रोल पंपावरच्या माणसालासुद्धा. "कौसा म्हणायची, जाते म्हणू नये," त्यांनी मला सांगितलं. "जिवंत माणसानं येते म्हणावं."

सोमवारी दुपारी निघायचं, रात्री इंदापूर, मंगळवारी सकाळी पळसदेवला कौसाबाई, आणि दुपारी भिगवणहून मुंबईची गाडी, असा बेत होता. कौसाबाईच्या घरी तसा निरोपही गेला होता. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याचं पेपरात आलं होतं. "आमच्याकडे कसला आलाय पाऊस," मी साहेबांना म्हणालो, "आमचा भाग कोरडा." दोघांनी तरीही गुडघ्यापर्यंतचे बूट आणि पिवळे रेनकोट गाडीत टाकले.

निमगाव केतकी

लासुर्णे सोडलं आणि वारं सुटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस झोपला, तो उठलाच नाही. मग पाऊस आला. काचेवरचे वायपर नुसते हात हलवत राहिले. आमचा ड्रायव्हर बबनराव एरवी सतत गाणी लावणारा माणूस, त्यानं रेडिओ बंद केला आणि मागे न बघता विचारलं, "सर, साहेबांच्या देवाला मराठी कळतं का?"

"का?"

"कळत असंल तर बोलाय सांगा काय तरी."

निमगाव केतकीच्या अलीकडे ओढा रस्त्यावर आला होता. मागे बाभळीचं झाड आडवं. गाडी मधे. साहेब उतरून पाण्याचा अंदाज घ्यायला गेले आणि वाऱ्यानं त्यांची छत्री हातातून काढून घेतली. छत्री उलटी होऊन ओढ्यातून डुलत गेली. साहेबांनी तिला टोपी काढून निरोप दिला.

जवळच्या वस्तीवरचे तात्या पोतं डोक्यावर घेऊन आले. पानमळा आणि थोडं डाळिंब असलेला शेतकरी. पिवळ्या रेनकोटातल्या दोन उंच आकृती बघून म्हणाले, "आदी वाटलं, द्राक्षाच्या बागंवरचा कागद उडून आला. माणसं हायत व्हय! चला घरात."

त्या घरात आम्ही दोन दिवस राहिलो. वीज नाही, फोनला रेंज नाही, दोन्हीकडचे ओढे भरलेले. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि बाजरीच्या भाकरी केल्या. मार्थाबाई चुलीपुढे जाऊन बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. भाकरी कॅनडाच्या नकाशासारखी झाली. वैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मडम, ही साहेबास्नी घाला, त्येंनी लगीन केलंय तुमच्याशी."

वारा पडल्यावर वस्तीवरचे लोक बघायला येऊ लागले. साहेब मोजत होते. "आमच्याकडे हिमवादळ आलं की शेजारी चार दिवस दिसत नाही," ते मला म्हणाले. "इथे पहिल्या तासात एकोणीस माणसं मला बघून गेली. तिघांनी गुडघेदुखीचं औषध विचारलं." आणि त्यांच्याकडे ते निघालंही. मंगळवारी ओसरीवर त्यांचा दवाखाना भरला. "माते, जिव्हा दाखीव," असं ते एका म्हातारीला म्हणाले, तेव्हा ती लाजून आत पळाली.

मार्थाबाई हसत होत्या, वैनींबरोबर विड्याची पानं निवडून रचत होत्या, पण दर थोड्या वेळानं ओसरीच्या कडेला जाऊन ओढ्याकडे बघायच्या. मंगळवार होता. आम्ही पळसदेवला असायला हवं होतं.

"कौसा बसली असंल वाट बघत," त्या मराठीतच म्हणाल्या. मग मला इंग्रजीत, "विमानाचं तिकीट पुढं ढकलता येईल, पण एकदाच. तिला भेटल्याशिवाय मी निघणार नाही, सर."

इंदापूर

बुधवारी सकाळी तात्यांनी ट्रॅक्टर काढला. साहेब एका मडगार्डवर, बाई दुसऱ्यावर, मी मागे ट्रॉलीत सामानावर. गाडी तिथंच ठेवली, बबनराव मात्र सोबत आला. "एवढं बघून मधनंच कसं सोडू?" म्हणाला. वैनींनी मार्थाबाईंना हळदीकुंकू लावलं आणि मग दाताखाली जीभ धरली, चालतं का नाही म्हणून. मार्थाबाईंनी त्यांना मिठी मारली. "येते मी," म्हणाल्या.

इंदापुरात त्यांच्या दवाखान्याच्या जागी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाळंतिणींच्या खोलीत टायर रचले होते. मालकानं कौतुकानं सगळं फिरवून दाखवलं. साहेब म्हणाले, "तेव्हाही इथून सगळे ओरडतच बाहेर पडायचे, आताही चाकं बाहेर पडतात." हा विनोद मी तेव्हाही मराठीत नीट आणू शकलो नाही, आणि आताही.

तिथं माझ्या मोबाइलला रेंज आली. मी कौसाबाईच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला. मागे पावसाचा आणि कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. लहान मूल असावं, हे मला आज कळतं.

"कौसाबाई हायत का? मी बारामतीचा जाधव सर. मडम आल्यात."

"अवो, म्हातारी गेली की!" सून ओरडून बोलत होती. "सकाळीच गेली. काल दिसभर उंबऱ्यात बसून हुती तुमची वाट बघत. जेवली न्हाय. शेवटी गेली..."

फोन तुटला. मी दोनदा पुन्हा लावला. लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही.

मार्थाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी चष्मा काढला. तेहतीस वर्षं वर्गात जे शिकवलं ते सगळं जणू त्या एका वाक्यासाठी होतं. मी अगदी सावकाश, अतिशय चांगल्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की तुमची मैत्रीण आज पहाटे शांतपणे या जगातून निघून गेली; शेवटपर्यंत तिचे डोळे तुमच्या वाटेकडे लागले होते. शांतपणे हा शब्द माझा. पहाट माझी. डोळेही माझेच. इतकं सुंदर भाषांतर मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या दुःखातही मला ते जाणवलं.

मी नुसतं "म्हातारी गेली" एवढंच सांगितलं असतं, तर कौसाबाईची ती विद्यार्थिनी कदाचित म्हणाली असती, "कुठं गेली?"

भिगवण

बबनरावनं ओळखीची जीप मिळवली. हायवेवर एकच बाजू चालू होती. पळसदेवच्या फाट्यावर आम्ही थांबलो. आत वस्तीकडे जाणारा रस्ता दुपारच्या सरीनं पुन्हा बुडाला होता. पलीकडे उजनी धरणाचं पाणी काठोकाठ, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचा कळससुद्धा दिसत नव्हता. मार्थाबाईंना आत जायचं होतं, निदान घरच्यांना भेटायला. मी म्हणालो, रस्ता नाही, गाडी चुकेल. दोघं पाण्याकडे तोंड करून पाच मिनिटं उभी राहिली. साहेबांनी प्रार्थना केली. आपल्याला कुणी नको म्हणू नये म्हणून बबनराव जरा लांब जाऊन हात जोडून उभा राहिला.

भिगवणला मासे खाल्ल्याशिवाय जाऊ नये. त्या दिवशी खावेसे वाटत नव्हते. पण मार्थाबाईच हॉटेलात शिरल्या. "कौसा उपाशी राहू द्यायची नाही," म्हणाल्या. चिलापीचं कालवण लालभडक होतं. साहेबांना काटे काढता येईनात. त्यांच्या देशात म्हणे मासा बिनकाट्याचा, चौकोनी येतो. हॉटेलवाली मावशी त्यांच्या शेजारी बसून काटे काढून देऊ लागली. मार्थाबाई रडत होत्या, की तिखटानं डोळ्यांत पाणी होतं, सांगता येत नाही. मग त्या बोलायला लागल्या. कौसाबाईनं त्यांना पहिल्यांदा शिकवलेलं वाक्य होतं, "जोर लाव, बये!" बाळंतपणासाठी. पण मार्थाबाईंनी ते शुभेच्छा समजून एका नवरीला लग्नात म्हटलं होतं. हॉटेलवाली मावशी हसता हसता कोलमडली.

स्टेशनवर गेलो. गाडी अडीच तास उशिरा. पुढे कुठं रुळांखालची माती वाहून गेली होती. फलाटावर सगळा पंचक्रोशीचा मेळा. साहेबांच्या कांदेवाल्यांशी गप्पा सुरू झाल्या. मी चहा आणायला बाहेर आलो. साडेचार वाजले होते.

टपरीवाला कप भरता भरता म्हणाला, "सर, ती गोरी मडम तुमच्यासंगं हाय का?"

"हो."

"मग सांगा की तिला. एक म्हातारी सकाळधरनं हुडकतीया. पळसदेवची, कौसाबाई म्हनं. पहाटं दुधाच्या टेम्पोत बसून आली. दोनदा हितं येऊन गेली, मीच म्हणलं, गाड्या बंद हायत आजी, एस्टी स्टँडात आडोशाला बस. तितं बसलीया बघा."

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. म्हातारी गेली, म्हणजे भिगवणला गेली.

एस्टी स्टँड तिथून चालत पंधरा मिनिटं. तेवढ्यात भोंग्यावर आवाज आला, मुंबईकडे जाणारी गाडी वीस मिनिटांत येत आहे. मी कप घेऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला, म्हातारं माणूस, गाडी चुकली तर विमान चुकेल. असा हिशोब मी केला आणि तो बरोबर होता. पण पाय त्या हिशोबानं थांबले नव्हते. मला आत जाऊन म्हणायचं होतं, बाई, मी चुकलो, ती जिवंत आहे. आणि ते मला म्हणवत नव्हतं. त्या भाषांतरानंतर तर नाहीच.

मी चहा घेऊन आत गेलो.

गाडी वीस मिनिटांत आली नाही. एक तास दहा मिनिटांनी आली. कौसाबाईला चालत आणूनही दोघींना चाळीस मिनिटं बोलू देता आलं असतं. बबनरावला जीप घेऊन पाठवलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. तो तास मी साहेबांशी क्रियापदांच्या काळांवर बोललो. दर दहा मिनिटांनी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, आधी का नाही सांगितलं.

गाडीच्या दारातून मार्थाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही ती बातमी किती हळुवार सांगितलीत, सर," त्या म्हणाल्या. मग हात जोडून, "येते मी."

गाडी गेल्यावर मी एस्टी स्टँडवर गेलो. ती कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन बसली होती. लहानखुरी, ताठ.

"कौसाबाई ना? मी जाधव सर."

"मडम कुठाय?"

"गेल्या," मी म्हणालो.

तिनं छातीवर हात मारला. "कधी? कशानं?"

"नाही, नाही! गाडीनं गेल्या. मुंबईला."

"आवो मास्तर!" ती उसळली. "असं बोलत्यात व्हय? गेल्या काय! जीव गेला असता माझा. शाळंत काय शिकवलं तुमी पोरास्नी?"

तिथंही सांगता आलं असतं. तिनं वाक्याचं दारच उघडून दिलं होतं. मी हसलो. तीही हसली. मग तिनं स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आत्ता गेल्या व्हय? मंग दिसभर हितंच हुत्या. माझ्याकडं कशा न्हाय आल्या?"

"त्यांना घाई होती," मी म्हणालो.

तिनं मांडीवरच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली. "मागच्या बारीला बी घाईच हुती तिला," म्हणाली, आणि फडकं माझ्या हातात दिलं. "खा तुमी. मडमेसाठी लसणाची चटणी केलीया. तिला आवडायची."

बबनरावनं तिला जीपनं फाट्यापर्यंत सोडलं. मी पुढच्या सीटवर बसून भाकरी खाल्ली, कारण ती मागून बघत होती.

पळसदेव

दोन वर्षांनी साहेबांचं पत्र आलं. मार्थाबाई झोपेत वारल्या होत्या. आजारपणात त्या नर्सेसना मराठीतून जोर लावायला सांगायच्या, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि हेही, की दोन्ही वर्षं त्या बुधवारच्या तारखेला मार्थानं त्यांच्या चर्चमध्ये कौसाबाईच्या नावानं फुलं ठेवली.

ते पत्र खिशात घालून मी पळसदेवला गेलो. कौसाबाईच्या घरी साखरपुडा होता. तिनं मला पंगतीत बसवलं. सांगायचं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. तोवर तिचे कान गेले होते. काहीही ओरडून सांगावं लागायचं, आणि वस्तीवरचे दहाजण अंगणात बसलेले. मी ओरडून हवापाण्याचं विचारलं. तिनं मात्र आपणहून विषय काढला. "ती मडम बरी हाय का? इसरली मला, पन हुती चांगली." मी मान हलवली. मार्थाबाई नाहीत हेही मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ती मान कशासाठी हलवली, ते मला अजून ठरवता येत नाही.

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. या वेळी मी नीट विचारून घेतलं. कौसाबाई वारल्या होत्या.

दोन्ही खेपांना जाताना मी वाटेत तेच म्हणत गेलो होतो. इंग्रजीत नाही, माझ्या शाळेच्या मराठीतही नाही, तिला कळेल असं. कौसाबाई, मडम तुमाला इसरली न्हवती. तिला तुमी जिती हाय हेच ठावं न्हवतं, मीच तसं सांगितलं हुतं. गाडीला लई येळ हुता. तुमी स्टँडावर बसलाय हे मला कळलं हुतं, आन मी च्या घिऊन आत गेलो. चुकलं माझं.